बिघाड की जाणीव? सिनेमातली यंत्रबाई आणि आपण

(पाली, जि. बीड येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

या सत्राचं नाव आहे 'सिनेमातलं यंत्र आणि त्याचं मन'. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी एकीने मला विचारलं, "ताई, आमच्याकडे रेशनच्या मशीनला म्हातारीचा अंगठा ओळखू येत नाही. काम करून बोटं झिजलेली असतात. त्या मशीनला मन आहे का, याची चर्चा करायला आपण कामधंदा सोडून आलोय का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी लगेच देत नाही. तासाभराने आपण सगळ्यांनी मिळून ते शोधू.

काल रात्री आपण भिंतीवर चादर लावून 'मेट्रोपोलिस' या जुन्या जर्मन सिनेमाचे काही भाग पाहिले. सिनेमा १९२७ सालचा, मूकपट. त्यामुळे भाषेची अडचण आली नाही. मधल्या पाट्या आपल्यातल्याच एकीने मराठीत वाचून दाखवल्या. सुरुवातीला पाळी बदलण्याचा प्रसंग आहे. माना खाली घातलेले कामगार रांगेने आत जातात आणि तशीच दुसरी रांग बाहेर येते. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "ही तर आपली कारखान्यावर निघालेली टोळी." मग सगळ्याच हसल्या. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं, कारण मला आज जे सांगायचं आहे त्याची सुरुवात तिथेच आहे.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात परत सांगते, म्हणजे उशिरा आलेल्यांनाही कळेल. एक मोठं शहर आहे. वर उंच इमारतींत मालक लोक राहतात, जमिनीखाली यंत्रं आहेत आणि त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. कामगारांना नावापेक्षा नंबर जास्त. एकाचा नंबर ११८११. तो घड्याळासारख्या एका तबकडीचे काटे दिवसभर ओढत असतो. मालकाचा मुलगा, फ्रेडर, त्याच्या जागी उभा राहतो आणि पाळी संपेपर्यंत रडकुंडीला येतो. कामगारांमध्ये मारिया नावाची मुलगी आहे. ती रात्री सगळ्यांना गोळा करून धीर देते. मालकाला तिची भीती वाटते. रोटवांग नावाच्या शास्त्रज्ञाने एक धातूची बाई तयार केलेली असते. मालक त्याला सांगतो, हिला मारियाचा चेहरा दे, म्हणजे कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडेल. मग ही खोटी मारिया श्रीमंतांच्या क्लबात नाचते, पुरुष एकमेकांच्या जिवावर उठतात. कामगारांना ती चिथावते, ते यंत्रं फोडतात आणि त्यांच्याच वस्तीत पाणी शिरतं. शेवटी लोक तिला खांबाला बांधून जाळतात. वरचा चेहरा जळून जातो आणि आतला धातू दिसतो.

पडद्यावर आलेल्या यंत्रमाणसांमध्ये ही फार जुनी आणि सगळ्यांत प्रसिद्ध. आणि ती बाई आहे. आपल्या भाषेत आपण 'यंत्रमानव' म्हणतो, तिच्यासाठी शब्दच नाही. मी आज तिला यंत्रबाई म्हणणार आहे.

ती कशासाठी केली?

रोटवांगने तिला मुळात कशासाठी बनवलं होतं ते आठवा. हेल नावाच्या स्त्रीवर त्याचं प्रेम होतं. तिने लग्न केलं त्या मालकाशी आणि फ्रेडरच्या बाळंतपणात ती गेली. जी बाई 'नाही' म्हणून दुसऱ्याकडे गेली आणि नंतर मेली, तिच्या जागी नाही न म्हणणारी, न मरणारी बाई करायची, हा त्याचा उद्योग. जित्या बाईला स्वतःची पसंती असते, हीच त्याची अडचण होती.

दुसरी गोष्ट. धातूच्या त्या कवचाच्या आत खरोखरच एक मुलगी होती. ब्रिगिटे हेल्म ही नवी नटी, विशीच्या आतबाहेरची. मारिया तीच आणि यंत्रबाईही तीच. लाकडाच्या लगद्यासारख्या पदार्थाचं कवच तिच्या अंगाच्या मापाने बनवलं होतं. ते टोचायचं, घासायचं, आत गुदमरायचं. चेहरा दिसतच नाही तर दुसऱ्या कोणाला उभं केलं तरी चाललं असतं. पण दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा आग्रह होता की आत तीच हवी. यंत्राचा जो सुंदर सफाईदारपणा आपण पाहतो, त्याच्या आत एक घामाघूम झालेली, खरचटलेली पोरगी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. या सिनेमाची कथा आणि पटकथा एका स्त्रीने लिहिली. टेआ फॉन हार्बू. ती लांग यांची तेव्हाची पत्नी. १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. पुढे तिने बर्लिनमध्ये गुपचूप दुसरं लग्न केलं ते एका मराठी माणसाशी, बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या पत्रकाराशी. तो तिच्यापेक्षा वयाने बराच लहान. नाझी राजवटीत असं लग्न उघडपणे करणं शक्यच नव्हतं. युद्धाच्या आगेमागे तेंडुलकर हिंदुस्थानात परतले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि पुढे त्यांनी बेळगावच्या इंदुमती गुणाजी या गांधीवादी कार्यकर्तीशी लग्न केलं. त्यांची कन्या लक्ष्मी धौल यांनी या तिघांची हकिगत 'इन द शॅडो ऑफ फ्रीडम' या इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे. म्हणजे जगातल्या या सर्वांत गाजलेल्या यंत्रबाईची लेखिका एका अर्थी आपल्या बेळगावची सून.

पण म्हणून तिला डोक्यावर घेऊ नका. आपल्या देशात गर्भपातबंदीच्या कायद्याविरुद्ध बोलणारी हीच बाई नाझींच्या काळात जर्मनीतच राहिली, त्यांच्या चित्रपटव्यवसायात लिहीत राहिली आणि त्यांच्या पक्षाची सभासदही झाली. हे खोडून टाकता येत नाही. तिच्या गोष्टीतही ही फट दिसते. कामगारांचं दुःख ती इतकं नेमकं दाखवते, आणि शेवट काय करते? मुकादम आणि मालक हस्तांदोलन करतात. मध्यस्थ मालकाचा मुलगा. मजुरी किती वाढली, पाळी किती तासांची झाली, यावर एक अक्षर नाही. मारिया बाजूला उभी. आणि वस्तीतल्या बायका? पुरुषांबरोबर त्याही यंत्रं फोडायला गेल्या, तर 'पोरं बुडायला टाकून गेल्या' हा ठपका सिनेमा त्यांच्यावर ठेवतो. चांगली बाई कोण? शांत राहा, वाट पाहा म्हणणारी. वाईट बाई कोण? उठा म्हणणारी. आणि उठा म्हणणारी मुळात बाई नव्हेच, मालकाने धाडलेलं यंत्र आहे! हे आपल्याला नवीन आहे का? मोर्चात पुढे असलेल्या बाईला गावात हेच म्हणतात ना, "हिला कोणीतरी फूस लावली आहे. हिच्या डोक्याने ही बोलत नाही."

रोबो म्हणजे वेठ

आता 'रोबो' या शब्दाकडे येऊ. हा शब्द शास्त्रज्ञांनी दिलेला नाही, एका नाटकाने दिला. कारेल चापेक या झेक लेखकाचं नाटक, 'आर. यू. आर.', १९२० साली प्रसिद्ध झालेलं. शब्द सुचवला त्याच्या भावाने. झेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करायचं सक्तीचं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. वेठबिगार. तेव्हा रोबो म्हणजे वेठबिगार. पुढे १९३८ मध्ये बीबीसीने या नाटकाचा काही भाग दूरचित्रवाणीवर सादर केला.

त्या नाटकातले रोबो धातूचे नाहीत, माणसासारखे मांसाचे, पण कारखान्यात बनवलेले आहेत. त्यांना आवडनिवड नाही, पगार नाही, कुटुंब नाही. हेलेना नावाची एक बाई कारखाना पाहायला येते. ती विचारते, यांना आत्मा का देत नाही? व्यवस्थापक मंडळी जे सांगतात त्याचा अर्थ असा, की त्याने उत्पादनाचा खर्च वाढेल. पण एक गोष्ट द्यायचा त्यांचा विचार असतो, ती म्हणजे वेदना. कारण दुखत नाही म्हणून रोबो आपले हातपाय यंत्रात घालतात, मोडून घेतात, आणि कंपनीचं नुकसान होतं. दुखलं की तेवढे जपतील.

आणि मग ते आणखी एक सांगतात. कधीकधी एखादा रोबो अचानक हातातलं काम टाकून देतो, उभा राहतो, दात खातो. कारखानदार म्हणतात हा बिघाड आहे, अशाला मोडीत काढतो. हेलेना म्हणते, नाही, तो आत्मा आहे.

मैत्रिणींनो, शंभर वर्षांत यंत्राच्या मनावर जेवढे सिनेमे निघाले, त्यांतल्या पुष्कळांचा प्रश्न या एका प्रसंगात आहे. काम थांबवून दात खाणाऱ्याला बिघडलेलं म्हणायचं की जागं झालेलं?

आपल्याकडे राबणारी बाई एकदम थांबली, केस सोडून घुमायला लागली, तर काय म्हणतात? अंगात आलं. बाहेरचं झालं. भगताकडे न्या. आपण बायकांच्या गटांत किती वेळा याबद्दल बोललो आहोत, की जिला साधं 'मला आज होत नाही' म्हणायची सोय नाही, तिला थांबण्यासाठी देवीचा आधार घ्यावा लागतो. सिनेमातल्या यंत्राला तीही सोय नसते.

आपल्याकडचे सिनेमे

आता जवळचे सिनेमे घेऊ, जे तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. २०१० साली शंकर या दिग्दर्शकाचा तमिळ 'एंथिरन' आला, हिंदीत 'रोबोट' नावाने. नायक रजनीकांत, म्हणजे बंगळूरच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड. त्यात चिट्टी नावाचा यंत्रमानव आहे. एका इमारतीला आग लागते, चिट्टी लोकांना वाचवतो. न्हाणीत असलेल्या एका मुलीलाही तो तशीच उचलून बाहेर आणतो. समोर गर्दी, कॅमेरे. ती लाजेने धावत सुटते आणि गाडीखाली येऊन मरते. सिनेमा म्हणतो, यंत्राला लाज कळत नाही, भावना कळत नाहीत, म्हणून हे झालं. आणि शास्त्रज्ञ त्याला भावना शिकवायला घेतो.

थांबा. मुलगी मेली कशामुळे? चिट्टीने तर तिचा जीव वाचवला होता. तिच्याकडे बघत उभी राहिलेली माणसं होती, त्यांना मन होतं, भावना होत्या. एकाने तरी अंगावरचा सदरा काढून दिला असता! ज्या समाजात बाईला जळण्यापेक्षा दिसण्याची भीती जास्त वाटते, त्या समाजाचा दोष सिनेमा यंत्राच्या माथी मारतो.

आणि भावना आल्यावर चिट्टी पहिलं काय करतो? आपल्या निर्मात्याच्या होणाऱ्या बायकोवर, सनावर, प्रेम करायला लागतो. ती नाही म्हणते. पुढे तो तिला लग्नमंडपातून पळवून नेतो, डांबून ठेवतो. एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली या महाराष्ट्रात पोरींवर काय काय झालं ते आपण जाणतो. पुरुषाच्या रूपातलं यंत्र 'माणूस' झालं याचा पुरावा म्हणून सिनेमाला हेच सुचलं, की त्याने एका बाईवर हक्क सांगावा.

आता यंत्र बाईच्या रूपात असेल तर काय होतं ते पाहा. २०२४ मध्ये 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' हा हिंदी सिनेमा आला. विनोदी आहे, गाणी आहेत, मीही हसले. नायक यंत्रं बनवणारा अभियंता, सिफ्रा नावाच्या यंत्रबाईच्या प्रेमात पडतो आणि तिला लग्नासाठी घरी आणतो. ती बाई नाही, हे घरच्यांना कळतच नाही! सुंदर आहे, सांगितलेलं ऐकते, उलट बोलत नाही. यंत्रात आणि आदर्श सुनेत एवढं साम्य असेल, तर ती यंत्राची हुशारी म्हणायची की आपल्या सुनेबद्दलच्या अपेक्षांची कमाल? कथा बिनसते ती तिच्यात बिघाड झाल्यावर. सांगितल्याबाहेर वागली म्हणजे बिघडली.

इंग्रजीत २०१४ साली 'एक्स मशिना' नावाचा सिनेमा आला. त्यात एक गडगंज श्रीमंत माणूस आडरानातल्या घरात यंत्रबाया बनवतो. त्यातली एव्हा बोलकी आहे, तिला मन आहे की नाही याची परीक्षा घ्यायला एका तरुणाला बोलावलंय. सगळी चर्चा एव्हाची. पण त्या घरात क्योको नावाची आणखी एक आहे. ती बोलत नाही. जेवण वाढते, सांडलेलं पुसते, मालक म्हणेल तेव्हा नाचते, त्याच्या बिछान्यात जाते. तिला मन आहे का, हे कोणीच विचारत नाही. जी बोलते तिची परीक्षा, जी राबते तिची मोजदादच नाही. जुन्या चित्रणात आणखी एक दिसते. 'मला बाहेर सोड' म्हणत ती दारावर हात आपटत राहते, हात तुटेपर्यंत. मालकाच्या हिशेबी तो फसलेला नमुना आहे.

पिशवी

आता सिनेमा बाजूला ठेवून आपल्या जिल्ह्यात येऊ.

मघाशी सांगितलं, 'मेट्रोपोलिस'मध्ये कामगाराला नंबर असतो. आपल्याकडे नवराबायकोच्या जोडीला काय म्हणतात? कोयता. "किती कोयते आहेत तुझ्याकडे?" असं मुकादमाला विचारतात. दोन जित्या माणसांना अवजाराचं नाव. उचल घेतली की ती फिटेपर्यंत थांबता येत नाही, एक दिवस खाडा केला की दंड कापतात. पहाटे उठून भाकऱ्या, मग तोडणी, डोक्यावर मोळ्या, रात्री-बेरात्री गाडी आली की भरणी. पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जातं, पोट दुखतं, दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. आणि मग कोणीतरी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.

हे आपण वर्षानुवर्षं सांगत होतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं हे प्रमाण शंभरात तीनही नव्हतं. काढलेल्यांमध्ये ऐन तिशीतल्या, त्याहून लहानही होत्या. नंतर कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, आणि कोयता तर चालूच राहतो.

चापेकच्या नाटकात कारखान्याचं नुकसान टळावं म्हणून रोबोला वेदना द्यायचं ठरतं. इथे कामाचा दिवस बुडू नये म्हणून जिथे दुखतं तो अवयवच काढून टाकला. नाटकात रोबोच्या थांबण्याला बिघाड म्हणतात. इथे महिन्याची पाळी हाच बिघाड ठरला. हिशेब तोच आहे.

सिनेमावाले शंभर वर्षं विचारताहेत, यंत्र कधी माणूस होईल? ज्या बायकांना यंत्रासारखं वापरलं त्यांचा प्रश्न त्यांच्या पडद्यावर फारसा आला नाही. मला यंत्रबाईचे सिनेमे तुम्हाला दाखवावेसे वाटले ते यासाठीच. त्या धातूच्या कवचात एक खरी मुलगी होती, हे आपल्या नजरेला दिसतं. इतरांना कवच दिसतं.

आणि आजचं यंत्र?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कल्पनेतलं. आज मोबाईलमधलं यंत्र खरंच मराठीत बोलतं, पत्र लिहून देतं. त्याला जाणीव आहे का?

मला समजलं तेवढं साध्या शब्दांत सांगते. या यंत्राला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर पुरवलेला असतो, आणि त्यावरून पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधायला ते शिकतं. वर माणसं त्याची उत्तरं तपासून त्याला वळण लावतात. त्यातून ते इतकं सराईत बोलतं की कोणालाही वाटावं, आत कोणीतरी आहे. २०२२ मध्ये गुगल कंपनीतल्या ब्लेक लेमॉईन या अभियंत्याने जाहीरपणे म्हटलं, की आमच्या यंत्राला भावना आहेत. कंपनीने ते फेटाळलं आणि गोपनीयतेचे नियम मोडले म्हणून त्याला काढून टाकलं. मुळात जाणीव म्हणजे काय यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नाही, मग ती मोजायची सर्वमान्य पट्टी कुठून येणार? १९५० मध्ये अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने एक कसोटी सुचवली होती. यंत्र पडद्याआड ठेवा, प्रश्न विचारा, माणूस की यंत्र हे ओळखता आलं नाही तर त्याला विचार करता येतो असं माना. गंमत म्हणजे त्याचा मूळ खेळ असा होता, की पडद्याआड एक पुरुष आणि एक बाई, आणि विचारणाऱ्याने ओळखायचं त्यात बाई कोण. पण बोलता येणं म्हणजे जाणीव असणं नव्हे, आणि बोलता न येणं म्हणजे जाणीव नसणंही नव्हे. क्योको आठवा.

शिबिरातल्या एका मुलीने काल मला विचारलं, "पण उद्या खरंच त्यात जीव आला तर? मग आपण त्याला राबवायचं का?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. दुखतंय म्हणणाऱ्याला 'तुला काही दुखत नाही, तुझी जातच तशी' असं सांगणाऱ्यांची बाजू आपण घ्यायची नाही, मग समोर कोणीही असो. बायकांना आत्मा आहे का, दलितांना मान आहे का, हेही लोकांनी विचारलेलं आहे. तेव्हा तसा दिवस आला तर आपण तरी उलट्या बाजूला नको.

पण यंत्राच्या मनाची चर्चा रंगली की यंत्रामागची माणसं झाकली जातात, हेही पाहा. त्या यंत्राला घाणेरडा, हिंसक मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियात नैरोबीच्या कामगारांना बलात्कारांची, छळाची वर्णनं दिवसभर वाचावी लागली, आणि मजुरी तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी. २०२३ मध्ये हे उजेडात आलं. असं खूणचिठ्ठ्या लावण्याचं काम आपल्या देशातही लहान गावांत होतं, त्यात बायका पुष्कळ. कवचाच्या आत परत मुलगीच.

आणि आपला ऊस? बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. पाणी कधी द्यायचं, खत किती, तोडणीला ऊस कधी येईल, ते यंत्र सांगतं. पाणी वाचलं तर दुष्काळी मराठवाड्याला हवंच आहे, माझा त्याला विरोध नाही. फडात तोडणीची यंत्रंही येताहेत. कोयता हातातून सुटणार असेल तर कोणाला वाईट वाटेल? पण त्या हिशेबात, ऊस कधी तोडायचा हे यंत्राला कळेल तसं, तोडणारीने कधी बसायचं हे कोणी घातलं आहे का? यंत्र आलं तर तिच्या उचलीचं काय, पोरांच्या शाळेचं काय, गेलेल्या पिशवीची भरपाई कोण देणार? हे यंत्र सांगणार नाही, कारण त्याला हे विचारायला कोणी बसवलेलंच नाही. ते आपण विचारायचं.

सकाळच्या प्रश्नाकडे येते. रेशनच्या मशीनला मन नाही, हे उघड आहे. म्हातारीचा अंगठा उमटत नाही तेव्हा दुकानदार म्हणतो, 'मशीन घेत नाही'. त्याच्या वरचा म्हणतो, 'सिस्टीममध्ये येत नाही'. मन असलेली ही सगळी माणसं यंत्राच्या आड उभी राहतात. म्हातारीची झिजलेली बोटं हा यंत्राच्या दृष्टीने बिघाड. आपल्या दृष्टीने ती साठ वर्षांच्या कामाची नोंद आहे. आपण चाळीस-पन्नास वर्षं 'जाणीव-जागृती' हा शब्द वापरतो. तो यंत्राच्या आड उभ्या असलेल्या या माणसांसाठीही वापरावा लागणार आहे.

जेवणाआधी अर्धा तास आहे. पाच-पाच जणींचे गट करा आणि तीन प्रश्नांवर बोला. एक, तुम्ही पाहिलेल्या सिनेमात किंवा मालिकेत कोणती बाई यंत्रासारखी दाखवली आहे, आणि ती 'बिघडली' कधी? दोन, तुम्ही स्वतः काम थांबवून 'नाही' म्हणालात तेव्हा घरात, फडात, कचेरीत त्याला काय नाव मिळालं? तीन, तुमच्या गावात कोणतं यंत्र आलं आहे, ते कोणी आणलं आणि त्याच्या आड कोण उभं आहे?

रेशनचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी पहिला गट घ्यावा. त्यांच्या गटात मी बसते.